नांगराला दोर किती सोडला होता?

परवा दुपारी वाऱ्याचं नावही नव्हतं. आमची १८ फुटी होडी ४ मीटर पाण्यात नांगरून मी आणि धाकटा भाऊ गळ टाकून बसलो होतो. दोर जेमतेम १५ मीटर सोडलेला. पाण्याची खोली ४, नाळेची म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची उंची १, म्हणजे पाचाच्या तिप्पट. पाणी निवांत असताना तेवढा पुरतो.

मागे एक ढग बराच वेळ वाढत होता. त्याचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरला तेव्हा भावाने गळ गुंडाळायला घेतले. वीज चमकली की मी मोजायचो. आधी ४० सेकंदांनी गडगडलं, पुढच्या खेपेला २५. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण ३ सेकंद लागतात, म्हणजे वीज आठेक किलोमीटरवर आली होती. ३० च्या आत आकडा आला की आपण तिच्या टप्प्यात आहोत असंच मी धरतो. किनारा गाठायला निघालो असतो तर अर्ध्या वाटेत, उघड्यावर सापडलो असतो. म्हणून तिथेच थांबलो.

जाकिटं चढवली, छत उतरवून बांधलं आणि मी नाळेवर बसून दोर सोडायला लागलो. ३५ मीटर, सातपट. दोर लांब असला की ओढ आडवी लागते आणि नांगर चिखलात रुतत जातो. आखूड दोर त्याला वर उचलतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की होडीवरचा जोर चौपट होतो. मग हाताने दोर सोडणं जमत नाही, म्हणून हे आधीच करायचं. खाचेत दोर घासतो तिथे ओल्या फडक्याचे चार वेढे दिले.

मग गार वारा आला. पावसाच्या आधी ढगातून खाली कोसळणारा तो वारा, आणि नेमका उलट दिशेने! होडी वळून नांगरावरून पलीकडे गेली, दोर सैल पडला आणि ताणला गेला तेव्हा असा हिसका बसला की भाऊ गुडघ्यावर आला. मी दोरावर तळहात ठेवला. आत कुरकुर, थरथर लागत होती. नांगर तळावरून घसरत होता. काठावरचा खडक आणि त्यामागचं झाड मी आधीच एका रेषेत धरून ठेवलं होतं, ते एकमेकांपासून सुटायला लागलं.

भावाने इंजिन चालू करून अगदी हळू पुढे दिलं. दोराचा ताण कमी होईल एवढंच. जास्त दिलं तर होडी नांगरावर जाते आणि पुढचा हिसका आणखी वाईट बसतो. मी उरलेला १० मीटर दोरही सोडला. थरथर थांबली. दोर नुसता ताठ, जड लागायला लागला. खडक आणि झाड जागेवर राहिले.

त्यानंतर करण्यासारखं फारसं नव्हतं. आमच्या होडीला डोलकाठी नाही, म्हणजे सगळ्यात उंच आम्हीच. मधोमध खाली बसलो, इंजिनाच्या मुठीखेरीज धातूला हात लावला नाही. पाऊस इतका होता की नाळ दिसत नव्हती. भाऊ एकदाही काही बोलला नाही, पण त्याचा हात मुठीवरून हलला नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

अर्ध्या तासाने सगळं ओसरलं. शेवटच्या गडगडाटानंतर आणखी अर्धा तास थांबून नांगर काढायला गेलो, तर दोघांना मिळून उचलेना. शेवटी दोर उभा ताणून बांधला आणि इंजिनाने उपटला. वर आला तो दांड्यापर्यंत निळसर चिखलाने माखलेला. फडक्याचे वरचे दोन वेढे फाटून गेले होते. दोराला ओरखडाही नव्हता.