घरी बर्न केलेली डीव्हीडी प्लेअरवर का चालत नाही?

कॉम्प्युटरवर झकास चालणारी डिस्क प्लेअरमध्ये घातली की ‘नो डिस्क’ येतं. बहुतेक वेळा कारण एकच: एमपी४ फाइल तशीच डेटा डिस्क म्हणून बर्न केलेली असते. साध्या प्लेअरला डीव्हीडी-व्हिडिओ हवा, म्हणजे एमपेग-२ या फॉरमॅटमधलं चित्र, ४८ किलोहर्ट्झचा एसी-३ किंवा पीसीएम फॉरमॅटमधला आवाज, आणि ‘व्हिडिओ टीएस’ (VIDEO_TS) फोल्डरमध्ये आयएफओ, बीयूपी, व्हीओबी फाइली. नुसतं एक्स्टेन्शन बदलून हे होत नाही. डीव्हीडी ऑथरिंग करणारं, म्हणजे व्हिडिओपासून अशी डिस्क रचणारं सॉफ्टवेअरच लागतं. पालसाठी (भारतातली टीव्ही पद्धत) चित्र ७२० × ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम, एनटीएससीसाठी (अमेरिकेतली पद्धत) ७२० × ४८० आणि २९.९७ फ्रेम.

बिटरेटची, म्हणजे दर सेकंदाला वाचल्या जाणाऱ्या व्हिडिओ डेटाची मर्यादा ९.८ मेगाबिट असली तरी तिच्या जवळ जाऊ नका, जुने प्लेअर अडखळतात. ४.७ जीबीच्या डिस्कवर दोन तास बसवायचे तर सरासरी साडेचार मेगाबिट ठेवा.

आता डिस्क. जुन्या प्लेअरसाठी डीव्हीडी-आर घ्या. आरडब्ल्यू (पुन्हा पुन्हा लिहिता येणारी) डिस्क लेझरचा प्रकाश बराच कमी परावर्तित करते, म्हणून थकलेल्या लेझरला ती दिसतच नाही. डीव्हीडी+आरच असेल आणि बर्नर परवानगी देत असेल, तर बुकटाइप (डिस्कवरची तिचा प्रकार सांगणारी नोंद) ‘डीव्हीडी-रॉम’ करा; अडून बसलेले काही प्लेअर एवढ्यानेच वाचू लागतात.

बर्न ४एक्स किंवा ८एक्स वेगावर करा आणि शेवटी डिस्क फायनलाइज (इतर प्लेअरना वाचता यावी म्हणून बंद) करायला अजिबात विसरू नका. कागदी लेबल मात्र चिकटवू नका, डिस्कचा तोल जातो आणि शेवटचा भाग अडकत चालतो.