एंडोस्कोपीतल्या हललेल्या फ्रेम्स मशीनकडून ओळखून घेताना

एमईच्या प्रोजेक्टला हा विषय घेतला तेव्हा जो तो म्हणायचा, सोप्पंय गं, लाप्लासियन (कडा शोधणारा फिल्टर) लाव, व्हेरियन्स (त्या आकड्यांची पसरण) कमी आला की फ्रेम फेक. साध्या फोटोंवर ते बऱ्यापैकी चालतं सुद्धा. आतड्याच्या फोटोंवर नाही चालत, कारण आतली भिंत ओली असते, तिच्यावर स्कोपचा (आत घालायच्या कॅमेऱ्याच्या नळीचा) लाइट पडून पांढरे चमकते ठिपके येतात आणि फ्रेम हललेली असली तरी त्या ठिपक्यांच्या कडांमुळे आकडा मस्त वर जातो. उलट गुळगुळीत भिंतीची एकदम स्थिर फ्रेम ब्लर म्हणून बाहेर!

मग मशीन लर्निंग. ईएडी 2019 (एंडोस्कोपीच्या फ्रेम्समधले दोष ओळखायची स्पर्धा) चा डेटा होता, त्यात ब्लर, बुडबुडे, चमक असे क्लास बॉक्स काढून दिलेत, सुरुवातीला तेवढं पुरलं. पण हॉस्पिटलमधून नावं-नंबर काढून मिळालेल्या व्हिडिओत हलल्याची खूण दरवेळी धूसरपणाच असेल असं नव्हतं. काही स्कोपमध्ये सेन्सर काळा-पांढरा असतो, लाल हिरवा निळा प्रकाश एकामागून एक टाकतात आणि तिन्ही जोडून रंगीत फ्रेम बनते, मधल्या मधे काही हललं की रंग एकमेकांपासून सुटतात, कडेला लाल-निळ्या रेघा दिसतात. जुन्या इंटरलेस्ड (एक सोडून एक ओळ टिपणाऱ्या) रेकॉर्डिंगमध्ये सम आणि विषम ओळींत 1/50 सेकंदाचा फरक, त्यामुळे कडा कंगव्यासारख्या. डॉक्टर मॅडमनी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं तेव्हा कळलं हे.

रंग सुटलेल्या फ्रेम्स कमी होत्या म्हणून आम्ही स्थिर फ्रेमचे चॅनल (लाल, हिरवा, निळा थर) थोडे सरकवून खोट्या बनवल्या. पण सगळीकडे सारखं सरकवलं की ते खरं वाटतच नाही, कारण स्कोप मागे ओढताना जवळची भिंत पळते आणि मधला लांबचा काळोख जवळजवळ जागेवरच असतो, म्हणून मग कडेला जास्त आणि मधे कमी सरकवायला लागलो, आणि तिथून खऱ्या फ्रेम्सवर रिझल्ट सुधारला.

सगळ्यात जास्त वेळ गेला लेबलिंगमध्ये. एकच फ्रेम एक डॉक्टर ठेवायचे, दुसरे टाकायचे. शेवटी गाइड सरांनी प्रश्नच बदलला, ब्लर आहे का असं न विचारता "या फ्रेमवर रिपोर्ट द्याल का?" असं विचारा म्हणाले, आणि भांडण बरंच मिटलं.

बाकी मॉडेल साधंच, आधी ट्रेन केलेलं रेसनेट-18 (फोटो ओळखणारं तयार न्यूरल नेटवर्क). काळे कोपरे आणि स्क्रीनवरची अक्षरं कापून टाकायची, नाहीतर मॉडेल आतडं सोडून मशीनचा मेक ओळखायला शिकतं. ट्रेन-टेस्ट (शिकवायच्या आणि तपासायच्या फ्रेम्स) पेशंटप्रमाणे वेगळे करायचे, कारण सेकंदाला 25 फ्रेम्स असताना लागोपाठच्या फ्रेम्स म्हणजे जुळी भावंडं, रँडम वाटल्या तर अ‍ॅक्युरसी छान दिसते पण खोटी असते (असे पेपर वाचलेत, असो).

थ्रेशोल्डवर (फ्रेम किती खराब असली की टाकायची ती मर्यादा) मात्र मॅडम ऐकेचनात. छोटा पॉलिप (आतड्याच्या भिंतीवरची गाठ) कधीकधी दोन-चार फ्रेम्सपुरताच दिसतो, त्यातली एखादी हललेली असली तरी त्यांना ती हवीच असते. म्हणून आता आमचं सॉफ्टवेअर काही डिलीट करत नाही, खराब वाटलेल्या फ्रेमवर नुसती करडी पट्टी टाकतं, आणि ती पट्टी बंद करायचं बटणही मॅडमनी मागून घेतलंय.