वडगावचे माग आणि आखेनचा रविवार

आमच्या बेळगावातल्या वडगावात रात्री लाइट गेली की मला जाग यायची. मागांची खटखट एकदम थांबायची आणि ती शांतता कानाला टोचायची. गल्लीतल्या प्रत्येक दुसऱ्या घरात माग. आमच्याही मागच्या खोलीत चार. आजी कांड्या भरता भरता आमचा अभ्यास घ्यायची. त्या आवाजात मी बारावी केली, इंजिनिअरिंग केलं. आता टेक्स्टाइलमध्येच मास्टर्स करायला जर्मनीत आखेनला आले आहे. इथला रविवार म्हणजे कायमची लाइट गेलेली वडगावची गल्ली. दुकानं बंद, रस्ते ओस, भिंतीला भोक पाडायलाही मनाई. पहिल्या हिवाळ्यात रविवार आला की पोटात खड्डा पडायचा. मग मी बाबांना सांगितलं, फोन मागाच्या खोलीत ठेवा, बोलायचं काही नको. ते नुसतं ऐकत मी कपड्यांच्या घड्या करायची.

लॅबमध्ये एअरजेट माग आहे. धोटा नाहीच, हवेच्या झोतानं आडवा धागा जातो, मिनिटाला आठशे-हजार पिक, म्हणजे आडव्या धाग्याच्या फेऱ्या, सहज. बाबांच्या मागाला शंभर-सव्वाशे पिक म्हणजे खूप झाले. बाबांना व्हिडिओ पाठवला तर त्यांचा पहिला प्रश्न, "कॉम्प्रेसरचं बिल किती येत असेल गे?" माझे प्राध्यापक शिकवतात त्यातलं अर्धं या एका प्रश्नाभोवती फिरतं, हे मला फार आवडतं.

भाकरीचं सांगते, कारण तिथं खरी आठवण दाटून येते. एशियन दुकानात जोंधळ्याचं पीठ मिळतं, पण ते महिनोन् महिने पाकिटात पडलेलं, विरी गेलेलं. थापायला घेतलं की कडा फाटतात. आजीनं फोनवर उपाय सांगितला: पाणी खळखळून उकळ, त्यात पीठ घालून झाकण ठेव, निवलं की तळहातानं रगडून रगडून मळ. तसं केल्यावर भाकरी अखंड निघते. पण फुगवायला जाळ कुठला? काचेच्या शेगडीवर तवाच कसाबसा तापतो. मग फडक्यानं दाबून दाबून फुगवायची. वर आईनं दिलेली शेंगाची चटणी. डबा संपत आला की मी चमच्याऐवजी बोटाच्या टोकानं घेते.

दिवाळीला इथली मराठी मंडळी जमतात. फराळ असतो, गाणी असतात, मनापासून बरं वाटतं. तिथं एक ताई म्हणाल्या, "बेळगावची? म्हणजे कर्नाटकातली ना? मग मराठी इतकं छान कसं बोलतेस?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण १९५६ मध्ये बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्याला जोडलं, तेव्हापासून आमच्याकडच्या तीन पिढ्या जे सांगत आल्या, ते चकली हातात धरून कसं सांगायचं? त्या रात्री मला झोप लागली नाही. आणि त्याच आठवड्यात बसमध्ये मागच्या सीटवर दोन मुलं कानडीत बोलत होती, थेट आमच्या उत्तरेकडच्या हेलात. मी वळून विचारलं, "ऊट आतेन?" जेवण झालं का? एक हुबळीचा, एक गोकाकचा. गोकाकच्या पोराकडे करदंट होता, तिकडची डिंक-सुकामेव्याची मिठाई. तो खाताना मला जेवढं घरी गेल्यासारखं वाटलं, तेवढं त्या दिवाळीत वाटलं नव्हतं. हे लिहायला जड जातं, पण खरं आहे. माझं घर मराठी आहे आणि माझी गल्ली दोन्ही भाषांची.

आखेन हेही सीमेवरचं गाव. बसनं थोडं पुढे गेलं की नेदरलँड्समधलं फाल्स. तिथं आम्ही किराणा आणायला जातो. हद्द ओलांडल्याचं फक्त मोबाइलला कळतं. आमच्याकडे वाद पेटला की एसटी सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडेच अडकते आणि कोल्हापूरला दवाखान्यात निघालेली माणसं स्टँडवर बसून राहतात.

१ नोव्हेंबरला इथं सुट्टी असते, सर्व संतांचा दिवस. बेळगावात त्या दिवशी एकीकडे कर्नाटकच्या स्थापनेचा राज्योत्सव आणि दुसरीकडे आमचा काळा दिवस, सायकल फेरी. मन लागेना म्हणून बेल्जियममधल्या ओयपनला गेले. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहानं हा जर्मन बोलणारा मुलूख १९२० मध्ये बेल्जियमकडे गेला. त्या भाषिक समाजाची लोकसंख्या ऐंशी हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढीही नाही. पण जर्मन ही देशाच्या तीन अधिकृत भाषांपैकी एक. शाळा जर्मनमध्ये, आणि शाळा-संस्कृतीचे कायदे करायला ओयपनमध्ये त्यांची स्वतःची संसदसुद्धा. मी रस्त्यावरच्या पाट्या वाचत दुपारभर फिरले. त्यांना देश बदलून मिळाला नाही, पण भाषा हिरावली गेली नाही, हे डोळ्यांनी बघताना माझा गळा भरून आला.

दुसऱ्या दिवशी आजीला सगळं सांगितलं. आजीला मराठी वाचता येतं, पण शेताचा उतारा कानडीत येतो, तो दर वेळी कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागतो. तिनं एवढंच विचारलं, "तिथल्या म्हातारीला सरकारी कागद कुठल्या भाषेत मिळतो?"

"जर्मनमध्ये, आजी. तिच्याच भाषेत."

"आणि राज्य बेल्जमचं?"

"हो."

ती फोन हातात घेऊनच मागाच्या खोलीत गेली. बाबांना सांगितलं, बाबांनी ते कानडीत मागावरच्या मामांना सांगितलं. हे मामा सौंदत्तीकडचे, मी लहान असल्यापासून आमच्याकडे आहेत. मला कानडीतले आकडे त्यांनीच शिकवले. त्यांनी माग बंद केला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि फोनजवळ येऊन मला म्हणाले, "चलो ऐती, तंगी. हंग इरबेकु." छान आहे, बाळ. असंच पाहिजे.

मग त्यांनी मला विचारलं, तिकडे थंडी किती आहे.