थिंकपॅड टी४८० : नोंद तिसरी – उन्हाळा, टॉवेलचे तंतू आणि पंखा

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीत, सोलापूरच्या नवी पेठेतून घेतलेल्या जुन्या थिंकपॅड टी४८० या लेनोवोच्या लॅपटॉपची ही तिसरी नोंद आहे. पहिल्या दोन नोंदी खरेदीच्या आणि रॅमच्या होत्या. ८ जीबीच्या एकाच पट्टीच्या जोडीला दुसरी ८ जीबीची पट्टी बसवल्यावर मेमरी दुहेरी चॅनलवर, म्हणजे दोन्ही पट्ट्यांतून एकाच वेळी, चालू लागली आणि ब्राउझर, टॅली व एक्सेल एकत्र उघडे ठेवताना येणारा अडखळलेपणा संपला, इथपर्यंत मी लिहिले होते. त्यानंतर मार्च उजाडला आणि यंत्र पुन्हा मंदावले. सकाळी घरी व्यवस्थित चालणारा लॅपटॉप दुपारी कारखान्याच्या ऑफिसात मोठी स्टॉक शीट पुन्हा मोजायला लागला की पंखा भरधाव फिरू लागे आणि पडदा मात्र जागचा हलत नसे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामांचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे आणि तिथले हिशेब मी पाहतो. ऑफिस आणि मागांची शेड यांच्यामध्ये एकच भिंत आणि सतत उघडा असणारा एक दरवाजा आहे. माग चालू असताना हवेत सुताचे बारीक तंतू तरंगत असतात. टेबलावर सकाळी फडके मारले तरी दुपारपर्यंत बोटाला पांढरी लव लागते. हे मी रोज पाहत होतो, पण त्याचा संबंध लॅपटॉपशी जोडायला मला दोन महिने लागले.

अंदाजावर विसंबून काही बदलायचे नाही, असे ठरवून आधी मोजमाप घेतले. प्रोसेसरला पूर्ण कामाला लावून वेगाचे गुण देणाऱ्या सिनेबेंच आर२३ची दहा मिनिटांची चाचणी (गुण जास्त तितके चांगले) आणि सोबत तापमान व वेग दाखवणारे एचडब्ल्यूइन्फो, एवढी साधने पुरेशी आहेत. या लॅपटॉपमध्ये इंटेल आय५-८३५०यू प्रोसेसर आहे : चार कोर (गणना करणारे भाग), आठ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या ओळी), मूळ वेग १.७ गिगाहर्ट्झ, टर्बो म्हणजे गरजेपुरता वाढवलेला वेग ३.६ गिगाहर्ट्झपर्यंत, आणि इंटेलने सांगितलेली उष्णतेची मर्यादा १५ वॅट. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खोलीचे तापमान ३६ अंश असताना घेतलेल्या चाचणीत पहिल्याच मिनिटात कोर ९७ अंशांवर गेले, तिसऱ्या मिनिटापासून वेग १.९ गिगाहर्ट्झच्या आसपास येऊन थांबला, आणि गुण मिळाले २,७१०. टर्बो फक्त सुरुवातीच्या काही सेकंदांपुरता उरला होता.

इथे सोलापूरच्या उन्हाळ्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण परदेशी चाचण्यांचे आकडे वाचून आपल्यातील अनेक जण निराश होतात. या प्रोसेसरची कमाल तापमानमर्यादा १०० अंश आहे. पंखा आणि हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) मिळून किती उष्णता बाहेर टाकू शकतात, हे प्रोसेसर आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. खोलीत २५ अंश असतील तर हा फरक ७५ अंशांपर्यंत ताणता येतो. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखाली ४० अंश असले की तो ६० अंशांवर येतो. म्हणजे पंखा तोच, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली उष्णता वाहणारी थर्मल पेस्ट तीच, तरी बाहेर पडू शकणारी उष्णता सुमारे २० टक्क्यांनी घटते. त्यामुळे कोणतीही चाचणी नोंदवताना खोलीचे तापमान लिहिले नसेल, तर तो आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहण्याच्या उपयोगाचा नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

पंख्याचा आवाज ऐकून एके दिवशी मामा टेबलापाशी थांबले आणि म्हणाले, “अरे, मागांना आम्ही रोज हवा मारतो. तुझ्या या यंत्राला कधी मारलीस का?” त्याच रविवारी लॅपटॉप उघडला.

उघडण्यापूर्वीची एक पायरी कुणीही टाळू नये. टी४८०मध्ये दोन बॅटऱ्या असतात, एक मागून काढता येणारी आणि दुसरी आत बसवलेली. मागची काढली तरी आतली मदरबोर्डला वीज देतच राहते. म्हणून सुरू करताना एफ१ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये, जावे, पॉवरच्या विभागात अंतर्गत बॅटरी बंद करण्याचा पर्याय निवडावा, आणि यंत्र पूर्ण बंद झाल्यावरच मागची बॅटरी काढून स्क्रूंना हात लावावा. पुन्हा चार्जर जोडला की आतली बॅटरी आपोआप सुरू होते. झाकणाचे स्क्रू सैल होऊन झाकणातच अडकून राहतात, त्यामुळे ते हरवत नाहीत. मात्र कडेच्या खाचा सोडवताना प्लॅस्टिकचीच पट्टी वापरावी.

आत जे दिसले ते मी विसरणार नाही. पंख्याच्या पात्यांवर फारसे काही नव्हते, पण पाती आणि हीटसिंकच्या तांब्याच्या पाकळ्या यांच्या मधल्या फटीत तंतूंचा नमद्यासारखा घट्ट पट्टा तयार झाला होता. चिमट्याने एक टोक धरून हळूच ओढले तेव्हा तो अखंड बाहेर आला : बोटभर लांब, राखाडी, आणि त्यात मधूनमधून निळे धागे. आमच्याकडे तेव्हा निळ्या पट्ट्यांच्या टॉवेलची ऑर्डर चालू होती. पंखा पूर्ण वेगाने फिरत होता, पण त्याची हवा त्या पट्ट्यावर आपटून आतच घुमत होती. बाहेरून झरोक्यावर फुंकर मारून हा पट्टा निघत नाही, उलट आणखी दाबला जातो, ही गोष्ट कापडाच्या गावातील प्रत्येक लॅपटॉपधारकाने लक्षात ठेवावी.

कारखान्यातल्या कॉम्प्रेसरची हवा मात्र मी वापरली नाही. तिचा दाब मागांसाठी योग्य असतो, पण त्या दाबाने पंखा त्याच्या क्षमतेपलीकडे फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते, शिवाय नळीत साचलेले पाणीही उडते. मऊ ब्रश आणि हाताने दाबायचा रबरी फुगा पुरला. फुंकताना पाते बोटाने अडवून धरले होते. जुनी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी लावली आणि हीटसिंकचे स्क्रू एकदम न आवळता आलटून पालटून, थोडे थोडे आवळले, म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसतो.

त्याच खोलीत, तितक्याच तापमानाला पुन्हा चाचणी घेतली. दहा मिनिटांच्या अखेरीस कोर ८४ अंशांवर, वेग २.६ गिगाहर्ट्झवर स्थिर आणि गुण ३,६४०. रॅम वाढवल्यानंतर याच चाचणीत मला जेमतेम फरक दिसला होता. रॅमचा खर्च वाया गेला असे मी म्हणणार नाही, कारण तिचा लाभ वेगळ्या कामांत दिसतो. पण जुना बिझनेस लॅपटॉप घेणाऱ्याने पहिला रविवार पंख्याला द्यावा आणि पैशांचा विचार त्यानंतर करावा, असे मी आता आग्रहाने सांगेन.

त्यानंतर दोन प्रयोग केले. तंतू आत जाऊच नयेत म्हणून खालच्या झरोक्यावर नायलॉनची बारीक जाळी चिकटवली. चारच दिवसांत ती भरली आणि तापमान सात अंशांनी वाढले, म्हणून काढून टाकली. दुसरा प्रयोग टिकला : मागच्या कडेखाली मागाच्या धोट्यातल्या, सूत गुंडाळायच्या दोन रिकाम्या लाकडी कांड्या आडव्या ठेवल्या. तेवढ्या उंचीने खालून हवा मोकळी मिळते आणि तापमान तीन ते चार अंशांनी उतरते. विकतच्या कूलिंग पॅडची गरज मला उरली नाही.

बॅटरीबद्दल थोडेच. आतली बॅटरी २४ वॅट-तासांची असते, माझ्याकडील आता १९ वॅट-तास साठवते. उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेली स्थिती या दोन्ही गोष्टी तिचे आयुष्य कमी करतात, म्हणून लेनोवो व्हॅन्टेज या कंपनीच्याच सॉफ्टवेअरमधून दोन्ही बॅटऱ्यांची चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर आणली आहे. वीज गेली की यंत्र आधी मागची बॅटरी वापरते, आणि ती संपत आल्यावर लॅपटॉप बंद न करता दुसरी लावता येते. दुपारी वीज जाते त्या दिवशी ही सोय फार मोलाची ठरते.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, साफसफाईला सहा आठवडे झाल्यावर, पुन्हा झाकण उघडले. खोलीत ४१ अंश होते आणि आदल्या दिवशीच्या चाचणीत गुण ३,३८० आले होते. पाकळ्यांवर तंतूंचा पापुद्रा बसला होता, पण पट्टा तयार झालेला नव्हता. ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत पापुद्रा निघाला. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, महिन्यातून एकदा, हे काम आता ठरून गेले आहे आणि तारीख झाकणाच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने लिहून ठेवतो.