१९ डिसेंबर, लिस्बनहून पाहिलेला

निघण्याआधी तीन रविवार सरांनी आम्हाला पणजीला बोलावलं. पहिला रविवार मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारात. आत शिरल्याबरोबर भिंतीभर निळ्या-पांढऱ्या टाइल्स दिसतात, पोर्तुगीज ज्यांना आझुलेजु म्हणतात त्या. पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग, चित्रकार जोर्ज कोलासु, साल १९३५. मी त्या दारातून आयुष्यात कितीदा गेले असेन याची मोजदाद नाही, पण थांबून कधी पाहिलं नव्हतं. सर म्हणाले, "हीं चित्रां कोणाक दाखोवपाक लायल्यांत?" कोणालाच उत्तर सुचेना. मग त्यांनी आठवण करून दिली की तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची राजवट होती, गोव्यात साधी लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवल्याशिवाय छापता येत नव्हती. आणि त्याच काळात या भिंतीवर दर्यावर्दींची गौरवगाथा रंगली.

आमचा गट सोळा जणांचा. सगळे सरांचे इतिहासाचे जुने विद्यार्थी, १९८८ पासून २००३ पर्यंतच्या वेगवेगळ्या बॅचचे. कोणी बँकेत, कोणी शाळेत, दोघे वकील. मी फोंड्याच्या हायस्कुलात मराठी शिकवते. सर आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी आम्हाला एकच प्रश्न सोबत बांधून दिला होता: १९ डिसेंबर १९६१ ला जे लोक पोर्तुगालमध्ये होते, त्यांच्यासाठी तो दिवस कसा उजाडला? गोवा मुक्तिदिनाला मी शाळेत वीस-बावीस वर्षं भाषणं बसवून घेतली आहेत. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, याची मला खरंच खंत वाटली.

व्हिसा, विमान, हॉटेल यांबद्दल लिहीत नाही. २३ एप्रिल २०२४ ला लिस्बनला पोहोचलो. तारीख सरांनी मुद्दाम धरली होती, कारण २५ एप्रिलला तिथली हुकूमशाही उलथवणाऱ्या क्रांतीला पन्नास वर्षं पुरी होत होती.

पहिल्याच सकाळी आल्जुबला गेलो. कॅथेड्रलच्या अगदी जवळ, एका चढावर ही इमारत आहे. १९२८ ते १९६५ इथे राजकीय कैदी ठेवत. २०१५ पासून तिचं संग्रहालय झालंय. आतल्या एकांतकोठड्यांना कैदी 'कुरुश' म्हणायचे, म्हणजे झुंजीच्या बैलांना कोंडायची खुराडी. साधारण मीटरभर रुंद, दोन मीटर लांब. मी एकीत उभी राहिले. दोन्ही हात पसरता येत नाहीत. कोपर वाकवलं की दोन्हीकडच्या भिंती लागतात. दिवसचे दिवस झोपू न देणं, तासन्‌तास पुतळ्यासारखं उभं करणं, या पीडेच्या नेहमीच्या पद्धती. पीडे म्हणजे सालाझारची गुप्त पोलीस. आपल्याकडे पीडा शब्दाला जो अर्थ आहे तो आणि ही अक्षरं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण मला तिथे तो शब्द मराठीच वाटला.

त्याच दुपारी सरांनी आम्हाला शियादु भागात नेलं. एका जुन्या मठाच्या इमारतीत चित्रकलेची शाळा आहे. गोव्यातल्या पोंबुर्फाचे चित्रकार वामन नावेलकार, पोर्तुगीज कागदोपत्री वामोना, १९५०च्या दशकात इथेच शिकायला आले, सरकारी शिष्यवृत्तीवर. गोवा मुक्त झाला तेव्हा त्यांच्यापुढे एक निवेदन ठेवण्यात आलं, भारताचा निषेध करणारं. त्यांनी सही केली नाही. शिष्यवृत्ती गेली. पुढे ते मोझांबिकला जाऊन शिक्षक झाले, तिथेही स्वातंत्र्यानंतर नव्या राजवटीच्या तुरुंगात काही काळ काढावा लागला, आणि पोर्तुगालला परतताना चित्रांनी भरलेलं सामान हरवलं. आयुष्यभराचं काम. शेवटी १९८०च्या दशकात ते गोव्यात परतले. चित्रांवर 'गणेश' अशी सही करायचे, भावाच्या आठवणीसाठी. २०२१ मध्ये गेले.

शाळेच्या दारातून निघून सर आम्हाला चालवत घेऊन गेले. पाच मिनिटंही लागली नसतील. एका गल्लीत थांबून म्हणाले, "हें पीडेचें मुखेल कार्यालय." आता तिथे महागडी घरं आहेत. रस्त्यावर एक पाटी आहे: २५ एप्रिल १९७४ ला याच इमारतीतून जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चौघे मेले. माझ्या डोक्यात मात्र ते अंतरच घोळत राहिलं. ब्रश धरणाऱ्या पोराच्या शाळेपासून इतक्या जवळ हे कार्यालय. पोंबुर्फाहून आलेला तो तरुण रोज कोणत्या रस्त्याने घरी जात असेल? सही नाकारली त्या दिवशी त्याने वळसा घातला असेल का?

२५ एप्रिलला आव्हेनिदा द लिबर्दादवर इतकी माणसं होती की आमचा गट तीन ठिकाणी विखुरला. प्रत्येकाच्या हातात तांबडं कार्नेशन. म्हातारी माणसं रडत होती आणि गात होती. 'ग्रांदोला' हे गाणं मध्यरात्री साडेबाराच्या सुमारास रेडिओवर वाजलं आणि तोच लष्कराला निघायचा इशारा होता, हे मी सरांच्या वर्गात ऐकलं होतं. पण हजारो माणसं तेच सूर पायाच्या ठेक्यावर म्हणताना ऐकणं वेगळं. तरी मला राहून राहून एक वाटत होतं. यांच्या या क्रांतीनंतरच पोर्तुगालने गोवा भारताचा आहे हे मान्य केलं, ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात. म्हणजे आपल्या मुक्तीवरचा शेवटचा कागद इथल्या या रस्त्याने सही केला.

लिस्बनच्या बेलें भागातलं दर्यावर्दी-स्मारक मला आवडलं नाही, तेही लिहिते. १९४० ला प्रदर्शनासाठी तात्पुरतं उभारलेलं, १९६० मध्ये पक्क्या काँक्रीटमध्ये पुन्हा बांधलेलं. समोरच्या फरशीवरचं प्रचंड होकायंत्र दक्षिण आफ्रिकेची भेट आहे, वर्णभेदी सरकारच्या काळातली. १९६०! म्हणजे गोवा जायला एक वर्ष उरलेलं असताना हे लोक समुद्राकडे तोंड करून दगडी शिडं उभी करत होते. गटातल्या काहींना ते सुंदर वाटलं. त्यावर बसमध्ये मोठा वाद झाला, आणि सरांनी तो थांबवला नाही.

मग २८ तारखेला पेनीश. अटलांटिकच्या तोंडावरचा किल्ला. १९३४ ते १९७४ राजकीय तुरुंग. आदल्याच दिवशी तिथलं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं होतं. वारा असा की बोललेलं ऐकू येईना. १८ जून १९४६ ला मडगावात समाजवादी नेते राममनोहर लोहियांनी सभा घेतली, त्यानंतर धरपकड झाली आणि टी. बी. कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. रामा हेगडे यांना इथे आणून टाकलं. सरांनी वाऱ्यात उभं राहून एकेक नाव मोठ्याने घेतलं. आमच्या गावांतल्या रस्त्यांच्या पाट्यांवर, सभागृहांवर असलेली ही नावं. पाटीवरचं नाव आणि ही दगडी भिंत यांच्यामध्ये किती समुद्र आहे ते मला तिथे कळलं.

मी मोहन रानडेंबद्दल विचारलं. माझं आजोळ सावईवेऱ्याचं, आणि रानडे सांगलीहून गोव्यात येऊन त्याच गावात मराठी शिकवायचे. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात पकडले गेले, सव्वीस वर्षांची शिक्षा झाली. सर म्हणाले, ते लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात होते. गोवा मुक्त झाला, निवडणुका झाल्या, जनमत कौल झाला, आणि हा मराठीचा मास्तर तिथेच. सुधीर फडके यांच्यासारख्यांनी त्यांच्या सुटकेसाठी खटपट केली. सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये. ज्या विषयाचा मी महिन्याला पगार घेते, तोच विषय शिकवणारा माणूस. मी किल्ल्याच्या कट्ट्यावर बसून घेतलं.

आत भेटीची खोली जपून ठेवली आहे. मध्ये काच, इकडे नातेवाईक, तिकडे कैदी, पाठीशी पहारेकरी. काचेला हात लावला. मडगावहून, फोंड्याहून इथवर कोण येणार होतं? बोटीचे कित्येक आठवडे आणि मग ही काच.

बाहेर आलो तर एक वृद्ध बाई आमच्याकडे पाहत उभी होती. कुठून आलात, विचारलं. आमच्या मडगावच्या एका बाईंना पोर्तुगीज छान येतं, त्या दुभाषी झाल्या. 'गोवा' ऐकताच ती गप्पच झाली. मग म्हणाली, तिचा थोरला भाऊ तिथे शिपाई होता. डिसेंबर १९६१ ला सालाझारने आज्ञा दिली होती, जिंका किंवा मरा. गव्हर्नर वासालु इ सिल्व्हांनी आणखी माणसं मरू न देता शरणागती पत्करली, म्हणून त्यांना पुढे सैन्यातून काढून टाकलं. तीनेक हजार पोर्तुगीज सैनिक गोव्यातल्या छावण्यांत मे १९६२ पर्यंत युद्धकैदी होते. परत आलेल्यांचं कुणी हार घालून स्वागत केलं नाही. भाऊ घरी याविषयी कधी बोलायचा नाही, म्हणाली. फक्त छावणीचं नाव सांगायचा.

"पोंदा," ती म्हणाली.

मी छातीवर हात ठेवून म्हटलं, फोंडा, मी तिथलीच. दुभाष्याची गरज पडली नाही. तिने माझं मनगट धरलं आणि काहीतरी भराभर विचारलं. मडगावच्या बाई हसल्या: भाऊ एका फळाबद्दल सांगायचा, झाडाच्या खोडालाच लागतं, बाहेरून काटे, आत गोड, वासाने छावणी भरून जायची, तिला कधी कुणी ते दाखवलं नव्हतं. ती त्याला 'जाका' म्हणत होती. एप्रिल-मे म्हणजे फणसाचेच दिवस.

मी दोन्ही हात जमतील तेवढे पसरून फणसाचा आकार करून दाखवला. एवढा? तिने डोळ्यांनी विचारलं. मी हात आणखी लांब केले.