प्रार्थनेचा विषय

रविवार, रात्र

उपासनेनंतर कमिटीची बैठक झाली. विषय सगळ्यांना तोंडपाठ. हार्वेस्टच्या, म्हणजे चर्चच्या सुगीच्या सणाच्या, लिलावात कोंबड्या, नारळ, भोपळे, केक सगळं बोली लावून गेलं, पावत्या फाडल्या, आणि बँकेत भरणा झाला तेव्हा 18 हजार कमी भरले. पावतीपुस्तक ज्यांच्याकडे होतं ते गृहस्थ तेव्हापासून चर्चकडे फिरकलेले नाहीत. सभासदांच्या यादीतून नाव कमी करा, प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) बंद करा, पुढच्या रविवारी जाहीर करा, अशा सूचना भराभर आल्या.

पाळकसाहेबांनी एवढंच विचारलं, "त्यांच्या घरी कोण जाऊन आलं?"

कोणीच नाही. अख्ख्या कंपाउंडला माहीत, नगरपासून पुण्यापर्यंत सगळ्या सोयऱ्यांना माहीत, बुधवारच्या प्रार्थनासभेतही 'एका बंधूसाठी' म्हणून येऊन गेलेलं. आमच्याकडे चुगलीला प्रार्थनेचा विषय म्हणतात.

घरी येऊन बायबलमधला मत्तय 18 काढला. मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, शिस्तीचा विषय निघाला की याच अध्यायाचा दाखला देतात, आणि देतात तो शेवटच्या पायरीचा. पहिली पायरी साधी आहे: त्याच्याकडे जा, दोघंच असताना बोल. नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन जा. तरीही नाही, तर मंडळीला सांग. मंडळीचंही ऐकलं नाही, तर तो तुला परराष्ट्रीय नि जकातदारासारखा, म्हणजे बाहेरचा, होवो. आम्ही उलट्या टोकाने सुरू करतो. आणि या चार पायऱ्यांच्या वर काय आहे? शंभरातलं एक मेंढरू हरवतं, त्याची गोष्ट. खाली काय? किती वेळा क्षमा करायची, हा पेत्राचा प्रश्न. मधलीच तीन वचनं कापून काढली की ती कोर्टाच्या नोटिशीसारखी वाचता येतात. शिवाय परंपरेप्रमाणे हे जपून ठेवणारा मत्तय स्वतः जकातनाक्यावरून उठून आलेला. जकातदारांना येशू कसं जवळ करायचा हे त्याला दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती.

प्रेषित पौल मऊ बोलतो असं मात्र नाही. इफिसाहून, साधारण सन 55 च्या सुमारास, त्याने करिंथच्या मंडळीला लिहिलं, उघड पाप करणाऱ्या त्या माणसाला आपल्यातून काढा. पण त्याचा राग त्या एका माणसाइतकाच मंडळीवर आहे: शोक करायचा सोडून तुम्ही फुगलाय कसले? आणि कोणाबरोबर जेवूसुद्धा नये याची जी यादी त्याने पाचव्या अध्यायात दिलीय, तिच्यात दुसऱ्याचे पैसे लुबाडणारा आहे, तसा निंदा करणाराही आहे. एकाच वचनात, जवळजवळ शेजारी. हे वचन कमिटीत वाचून दाखवायचं माझ्या फार मनात आहे. त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात शिक्षा झालेल्या एका माणसाबद्दल तोच पौल लिहितो, पुरे झालं, आता क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. हा तोच माणूस की दुसरा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं 'पुरे झालं' हे आहे. आमच्याकडे नाव कमी करायचा ठराव होतो. परत घ्यायचा ठराव झालेला मला तरी आठवत नाही.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवते, कारण हाच अध्याय दाखवून भलतंच झाकतात. अपराध लहान मुलावर झाला असेल, किंवा अधिकारातल्या माणसाने दुबळ्यावर केला असेल, तर 'आधी एकांतात समजवा' हे तिथे लागू नाही. पीडितेला त्याच माणसासमोर एकटं बसवणं म्हणजे दुसरा अपराध. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत 2012 चा पॉक्सो कायदा सरळ आहे, माहिती मिळाली की पोलिसांना कळवायचं. पाळक असो, पंच असो, 'मंडळीची अब्रू' ही सबब तिथे चालत नाही.

मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीने 1738 साली छोट्या गटांसाठी नियम केले, त्यात दर भेटीत विचारायचा प्रश्न होता: मागच्या भेटीनंतर कोणतं पाप केलंस? आमच्या कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरगुती प्रार्थनासभेत, कोणी असं विचारलं तर लोक चहा अर्धा टाकून उठतील. पण त्या गटात घेण्याआधीच माणसाला विचारत, तुझे दोष तुला तोंडावर सांगितलेले चालतील का? केडगावला 1905 मध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन (आध्यात्मिक जागृती) आलं, तेव्हाही मुलींनी स्वतः रडून आपापली पापं कबूल केली. कोणी त्यांची यादी वाचली नव्हती.

मंगळवार

जाऊन आले. संडे स्कूलला तो माझ्या वर्गात होता, त्यामुळे दार तरी उघडलं. "सलाम, बाई. बसा." पावतीपुस्तक कपाटावरच होतं. स्थळप्रती एकूण एक बरोबर, एकीचीही खाडाखोड नाही. टेम्पोचे हप्ते थकले होते, गाडी ओढून नेली असती, म्हणून भरले, पुढे भाड्याचे पैसे आले की टाकणार होतो म्हणाला. मी म्हटलं, ती चोरीच. तो गप्प बसला, मग एकदम उसळला, "आणि हॉलच्या रंगकामाचा हिशेब कोणी मागितला का, बाई?"

प्रश्न खरा आहे. त्यालाही उत्तर मिळायला हवं, पण त्याचं झाल्यावर, त्याच्याऐवजी नाही, असं मी सांगितलं.

महिना 2 हजार परत करणार, लिहून दिलंय. पैशाचं काम पुन्हा मागणार नाही. हेही मला पटतं. क्षमा केली म्हणून पावतीपुस्तक परत हातात द्यायलाच हवं असं नाही. त्याच्या बायकोने मधेच विचारलं, रविवारी आलो तर लोक बाकावर शेजारी बसतील का. मी बसेन, म्हटलं. बाकीच्यांचं मी कसं सांगणार?

घरी पोचले तोच एका कमिटी सभासदाचा फोन. काय म्हणाला तो? मी म्हटलं, शनिवारी तो स्वतः कमिटीसमोर येऊन सांगणार आहे, तोपर्यंत माझ्याकडून काही मिळणार नाही.

"बरोबर, बरोबर. नाही, प्रार्थनेसाठीच विचारत होतो."