आमची वाटचाल : नागपूरच्या भिंतींवरची माणसे आणि आमचा फ्रेमचा धंदा

सक्करदऱ्यातील आमचे फ्रेमिंगचे दुकान माझ्या वडिलांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुरू केले. एक हातकरवत, कोपरे कापण्याचा लाकडी साचा, काच कापायची हिरकणी आणि उधारीवर आणलेली सागवानी पट्टी, एवढेच त्यांचे भांडवल होते. व्यवसायाची वाटचाल सांगताना उलाढाल, यंत्रे आणि शाखा यांचा आलेख मांडण्याची रीत आहे. आमची शाखा एकही नाही आणि यंत्रे मोजकी आहेत. मात्र फ्रेमवाल्याच्या टेबलावरून अख्ख्या शहराची श्रद्धास्थाने वर्षानुवर्षे ये-जा करतात, आणि त्यांच्या तसबिरी पुसता-मढवता मढवणाऱ्याच्या वागण्यालाही वळण लागत जाते. आमच्या दुकानाचे बहुतेक नियम या तसबिरींनी आणि त्या घेऊन येणाऱ्या माणसांनी घालून दिलेले असल्यामुळे ही हकिकतही त्यांच्याच अनुषंगाने सांगणे मला योग्य वाटते.

दुकानाला पहिला आधार दिला तो ताजुद्दीन बाबांनी. कामठीत १८६१ साली जन्मलेल्या या अवलियाला वेड्यांच्या इस्पितळातून १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी आपल्या सक्करदऱ्याच्या वाड्यात सन्मानाने आणले. १७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबांचे निधन झाले आणि उमरेड रस्त्यावरील ताजबाग हे सर्वधर्मीयांचे ठिकाण झाले. उरुसाच्या दिवसांत लहान आकाराच्या तसबिरींना इतकी मागणी असे की वडील रात्री उशिरापर्यंत पट्ट्या कापत बसत. कपाळी टिळा लावलेला आणि डोक्याला टोपी घातलेला, अशी दोन्ही गिऱ्हाइके एकाच फळीवरून एकच चित्र उचलत. माणूस पाहून भाव सांगायचा नाही, दर पाटीवर लिहून टाकायचे, हा नियम वडिलांनी त्याच काळात केला आणि तो आजतागायत टिकला आहे. पुढे दसऱ्याच्या हंगामात त्याचा फार उपयोग झाला, कारण नागपूरचा दसरा एका रंगाचा नाही. बाबासाहेबांची दीक्षा त्याच दिवसाची आणि डॉ. हेडगेवारांनी १९२५ साली केलेली संघाची स्थापनाही त्याच दिवसाची. त्यामुळे एकाच पट्टीतून कापलेले चौकोन आमच्याकडून अगदी वेगवेगळ्या वस्त्यांमध्ये जातात. फ्रेमवाल्याने कोणाची तसबीर कोणाशेजारी ठेवली यावरून कधी कधी टोमणे ऐकावे लागतात, तेही धंद्याचाच भाग समजून आम्ही ऐकून घेतो.

तरीही आमच्या कामाचा कणा म्हणाल तर तो बाबासाहेबांचा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, त्यांनी याच शहरात माईसाहेबांसह भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून धम्मदीक्षा घेतली आणि पाठोपाठ आपल्या लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा दिली. त्या दिवशी बाबासाहेबही पांढऱ्या वेशात होते आणि जमलेला समाजही. सुटाबुटातील, हाती संविधान घेतलेल्या बाबासाहेबांची तसबीर सर्वत्र मिळते. नागपूरच्या जुन्या घरांतून मात्र त्या शुभ्र वेशातल्या बाबासाहेबांचा फोटो आवर्जून मागितला जातो.

उत्तर नागपुरातून एक वयस्क बाई त्या काळातला आपल्या कुटुंबाचा फोटो घेऊन आल्या होत्या. फोटोतील सगळी माणसे पांढऱ्या कपड्यांत, ताठ उभी, आणि चेहरे मात्र काचेला चिकटून काळवंडलेले. नागपुरात हे नेहमीचे आहे. एप्रिलपासून घराघरात कूलर सुरू होतो, त्याची दमट हवा फ्रेममध्ये शिरते आणि काच व फोटो यांच्यात अंतर नसले की फोटोचा थर काचेलाच धरून बसतो. असा फोटो ओढून काढायचा नसतो. आम्ही तो काचेसकट स्कॅन करून घेतला. मागचा पुठ्ठा उचकटला तेव्हा फोटोच्या पाठीवर शाईने लिहिलेली नावांची यादी निघाली. गावाहून सोबत आलेल्या सगळ्यांची ती नावे होती आणि त्या बाईंना स्वतःलाही ती ठाऊक नव्हती. एकेक नाव वाचताना त्या नाते सांगत गेल्या. मूळ फोटो आम्ही त्या जुन्या काचेसकटच, भोवती माउंट म्हणजे अंतर राखणारी पुठ्ठ्याची चौकट देऊन, नव्या काचेपासून अंतर सोडून बसवला आणि मागच्या बाजूला पुठ्ठ्याऐवजी ॲक्रिलिकची पारदर्शक पाटी लावली, म्हणजे तसबीर उलटी केली की नावे वाचता येतील. तेव्हापासून जुन्या फोटोची पाठ तपासल्याशिवाय आम्ही कोणतेही काम हाती घेत नाही. पाठीवर मजकूर असेल तर पारदर्शक पाटीचे वेगळे पैसेही लावत नाही.

वडिलांचे शिक्षण बेताचे होते. दीक्षाभूमीवर गिऱ्हाईक फ्रेमसाठी घासाघीस करते आणि शेजारच्या स्टॉलवर पुस्तकांची पिशवी मात्र मुकाट्याने भरून घेते, हे ते दरवर्षी पाहत. त्याचे त्यांना आधी हसू येई, नंतर त्यांनी स्वतःही तिथून पुस्तके आणायला सुरुवात केली. जून महिन्यात कारागिरांच्या मुलांची वह्या-पुस्तके दुकानाच्या खर्चातून घ्यायची प्रथा त्यातूनच पडली. आमच्या जमाखर्चात तिच्यासाठी वेगळे खाते आहे आणि मंदीच्या वर्षीही त्याला हात लावलेला नाही.

गाडगेबाबांच्या बाबतीत माझे मत बरीच वर्षे पक्के होते. शेणगावच्या या डेबूजीने अंगावर चिंध्या वागवल्या, डोक्यावर गाडग्याचे खापर ठेवले आणि हातातला खराटा सोडला नाही; कोणाला शिष्य केले नाही आणि पायांना हात लावू दिला नाही. लोकांनी दिलेला पैसा धर्मशाळांना आणि शिक्षणाला लावला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. अशा माणसाच्या चित्राला सोनेरी नक्षीची पट्टी लावणे मला विसंगत वाटे आणि मी गिऱ्हाइकाला साध्या लाकडी पट्टीचाच आग्रह धरत असे. सफाई कामातून निवृत्त झालेले एक काकाजी मात्र सर्वांत रुंद सोनेरी पट्टीवर बोट ठेवून अडून बसले. मी माझे म्हणणे मांडले. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "आयुष्यभर चिंध्याच घातल्या न बाबानं, आता तरी चांगलं घालू द्या न भाऊ." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. सोनेरी फ्रेम करून दिली. माझी स्वतःची आवड आजही साध्या सागवानीचीच आहे. परंतु थोर माणसाने काय नाकारले हे पाहणारा एक भक्त असतो आणि त्याला काय मिळाले नाही हे पाहणारा दुसरा असतो, आणि दोघांनाही आमच्या फळीवर जागा हवी, हे मी त्या दिवसापासून धरून चालतो.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचा आवाज विदर्भातल्या कानांना निराळा सांगावा लागत नाही. मोझरीच्या गुरुकुंजाकडे जाणारी मंडळी आमच्याकडून तसबिरी नेतात, नागपूर विद्यापीठाला २००५ साली महाराजांचे नाव मिळाल्यानंतर संस्थांची मागणीही वाढली. वडील ग्रामगीतेतील ओव्या काम करता करता म्हणत, आणि सकाळी कारागीर येण्यापूर्वी मालकाने दुकान झाडायचे हा शिरस्ता त्यांनी महाराजांमुळे ठेवला की गाडगेबाबांमुळे, हे त्यांनी कधी स्पष्ट केले नाही. झाडणे माझ्याकडे आले आहे. ओव्या म्हणण्याइतका गळा माझ्याकडे नाही.

सावित्रीबाईंच्या तसबिरीची मागणी मात्र माझ्या डोळ्यांदेखत वाढली. वडिलांच्या काळात जोतीरावांच्या चित्रासोबत क्वचित त्यांचे चित्र विचारले जाई. आता ३ जानेवारीच्या आधी शाळा, अंगणवाड्या आणि मुलींची वसतिगृहे त्यांची स्वतंत्र तसबीर मागतात. या मागणीने आम्हाला थोडे अडचणीतही टाकले. तसबीर न्यायला आलेल्या एका शिक्षिकेने कारखान्याकडे नजर टाकून, इथे एकही बाई कशी नाही, असे सरळ विचारले. काच कापणे धोक्याचे असते, हे आमचे ठरलेले उत्तर तिला पटले नाही, आणि खरे सांगायचे तर हिरकणीला जोर लागतच नाही, लागतो तो एकसंध हात. ज्या शहरात जुलै १९४२ मध्ये दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, त्या शहरात हे कारण देणे शोभणारेही नव्हते. आज काच आणि माउंट कापण्याचे आमचे टेबल वस्तीतील महिलाच सांभाळतात, आणि काचेची नासाडी पूर्वीपेक्षा कमी आहे.

धंद्याचे चढउतार सर्वांना आले तसे आम्हालाही आले. सागवानाच्या जागी फायबरची पट्टी आली, फ्लेक्स आला, मग फोटो मोबाईलमध्येच राहू लागले. २०२१ च्या उन्हाळ्याबद्दल फार लिहावेसे वाटत नाही. त्या दिवसांत आमच्याकडे आलेली बहुतेक चित्रे हार घालण्यासाठीच आली होती, आणि ती आम्ही पट्टी-काचेच्या खरेदीभावात करून दिली.

आता माझी मुलगी व्यवसायात आली असून बाहेरगावच्या मागण्या, कुरिअर आणि जीएसटी तीच पाहते. तिच्या वाट्याला नवीच अडचण आली आहे. संगणकाने घडवलेली चित्रे गिऱ्हाइके मोबाईलवर पाठवतात. त्यात बाबासाहेबांच्या चेहऱ्यावरची रेषान् रेष पुसलेली असते, सावित्रीबाईंचा रंग उजळलेला असतो आणि गाडगेबाबांच्या चिंध्या इस्त्री केल्यासारख्या दिसतात. फ्रेम कशी हवी हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, मात्र चेहरा बदलण्याची मुभा आम्ही घेत नाही, यावर आम्हा दोघांचे एकमत आहे. अशी मागणी आली की मुलगी जुन्या, खात्रीच्या छायाचित्रावरून किंवा प्रचलित चित्रावरून काढलेली प्रत गिऱ्हाइकाला शेजारी ठेवून दाखवते. बहुतेक जण तीच घेतात. जे घेत नाहीत त्यांची आगाऊ रक्कम आम्ही त्याच दिवशी परत करतो.